काळी तीन

गोजरबाईंनी हेडफोन कानावरून खाली ओढला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पुन्यांदा लाव," त्या म्हणाल्या.

विशाखाने गाणं मागे नेऊन पुन्हा सुरू केलं. शहराच्या छावणी भागातल्या त्या लहानशा स्टुडिओत ती सकाळपासून एकटी झगडत होती, म्हणून तिने गोजरबाईंना बजाजनगरहून बोलावून घेतलं होतं. तिच्यासमोरच्या पडद्यावर मशीनने वेगळ्या काढलेल्या आवाजांच्या दोन रेघा सरकत होत्या, एक निळी आणि एक पिवळी. निळी कारभारी शिंगाड्यांची. कारभारींना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांची खंडोबाची गाणी अजून वैजापूर-गंगापूरच्या ट्रॅक्टरांवर वाजत. पुढच्या महिन्यात ते लासूर स्टेशनला पुन्हा उभे राहणार होते. जाळीच्या पडद्यावर, नुसत्या प्रकाशाचे, पण माणसाच्या उंचीचे, हात हलवत, तोंड उघडत. त्यांचा मुलगा सोमनाथ याने हे मनावर घेतलं होतं. घरात सापडलेली एक जुनी, कधीच बाहेर न आलेली कॅसेटही त्याच दिवशी लोकांसमोर यायची होती; आत्ता वाजत होती ती गाणी त्यातलीच.

"मावशी, तुम्ही तीस वर्षं त्यांच्यामागे झील धरलीत, साथीला गायलात," विशाखा म्हणाली. "म्हणून तुम्हालाच विचारते. 'माळाच्या धन्या, माझी मेंढरं मोज रं' या ओळीत 'मोज रं' वर सूर चढतो, तिथे निळी रेघ थांबते आणि ही पिवळी सुरू होते. ही कुणाची?"

"माझी."

गोजरबाईंनी ते असं सांगितलं, जसं कुणी दारातली चप्पल कुणाची विचारावं आणि आपण सांगावं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत सोमनाथ मोबाइल चाळत बसला होता. त्याने मान वर केली.

"काकू, कायतरी घोळ होतोय. ती तान अण्णांची हाय. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक हाय."

"शहाण्णवपर्यंत त्यांचीच व्हती, बाबा. मग घशात गाठ झाली, आठवतं का? तू शाळेत व्हता. गाठ काढली, पण वरचा सूर काय माघारी आला नाय."

पैठणकडच्या एका जत्रेत ते पहिल्यांदा झालं होतं. कारभारी हात उंचावून 'मोज रं'पाशी आले आणि घशातून नुसती हवा आली. मागे उभ्या असलेल्या गोजरबाईंनी विचारही केला नाही. पदर तोंडापाशी धरून त्यांनी तो सूर उचलला. कारभारी तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले. माणसांनी माना डोलवल्या. परतताना जीप लासूरला थांबली. उतरताना कारभारी एवढंच म्हणाले, "उद्या पण." त्या उद्याची पुढे अठरा वर्षं झाली.

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?" विशाखाने विचारलं.

"कशाला बोलायचं? चौदा माणसांची पार्टी. माझा मालक दिमडीवर. आवाज गेला म्हणलं असतं तर चौदा चुली इझल्या असत्या." त्या जराशा हसल्या. "आन् लोकं डोलायची ती माझ्या सुरावर. मला कळत व्हतं की ते."

सोमनाथ उठून पडद्यापाशी आला. "मला पटत नाय. नुसती अण्णांची रेघ वाजव."

विशाखाने पिवळी रेघ आणि मागची सगळी वाद्यं बंद केली. दिमडी गेली, घाटीची घंटा गेली, झील गेली. खोलीत एकट्या कारभारींचा आवाज उरला, खालच्या सुरात भरदार, मायेचा. 'माझी मेंढरं' इथपर्यंत तो नीट आला. मग श्वास ऐकू आला. आणि मग, इतक्या हळू की वाद्यांच्या गजरात तो कुणाच्याच कानी पडला नसता, कारभारी म्हणाले, "उचल, गोजर."

पुढे शांतता.

विशाखाने दुसरं गाणं लावलं. तिथेही तेच. तिसऱ्या गाण्यात नुसतं "हं, गोजर."

गोजरबाईंनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत धरले. हे शब्द त्यांनी शेकडो वेळा ऐकले होते, पण पाठीमागून, दिमडीच्या दणक्यात. असे उघडे कधी ऐकले नव्हते. सोमनाथ मोबाइल कानाला लावत बाहेर गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. आवाज मात्र उतरला होता.

"काकू, मशीनला अण्णांचा आवाज ह्याच गाण्यांवरून शिकवलाय. आता ते तुमच्या सुरासकट शिकलंय. अण्णांना पडद्यावर उभं करणारी कंपनी म्हणती, तुमची सही लागंल. आवाज अण्णांच्याच नावानं जाईल. तुमचं नाव खाली टाकू. लोक काय म्हणतील, ह्याचा इचार करा. अण्णांनी फसवलं म्हणतील."

"फसवलं कुठं? दोघं मिळून गात व्हतो." गोजरबाईंनी कागद हातात घेतला, नीट घडी केली आणि त्याच्याच खिशात परत ठेवला. "हे बघ सोमनाथ, ते गेले, म्हणून त्यांचा आवाज तुम्ही उठवताय. चांगलं हाय, उठवा. पण मी जिती हाय. माझा कशाला उठवता? मी येते की लासूरला."

"आता? साठी उलटली तुमची."

"बासष्ट."

विशाखाने हसू दाबत माइक पुढे ओढला आणि पेटीवर सूर धरला. कारभारींची पट्टी काळी चार. गोजरबाई उभ्या राहिल्या, डोळे मिटले. ओळ ठणठणीत निघाली, पण 'मोज रं'वर सूर अर्ध्यात फाटला. सोमनाथने नजर खाली वळवली.

गोजरबाई पाणी प्यायल्या, गुळणी केल्यासारखं घशात खेळवलं.

"काळी तीन दे, पोरी."

एका काळ्या पट्टीने खाली, आणि सूर गेला तो थेट छतापर्यंत. जुना नव्हता तो. जरा खरखरीत, रुंद, पण पक्का.

"हे माझं आजचं," त्या म्हणाल्या. "आता त्यांना खाली आणता येतं का, तेवढं सांग."

"कुणाला?"

"भावजींना. काळी तीनवर."

विशाखाने सोमनाथकडे पाहिलं. "येतं. एका मिनिटाचं काम आहे."

"ऐकतील का ते?" गोजरबाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं. "जित्तेपणी काळी चार कधी सोडली नाय त्यांनी. माझा घसा बसला तरी नाय."

"आता ऐकतील, मावशी. न ऐकायची सोयच नाही."

गोजरबाई मोठ्याने हसल्या, आणि त्यांच्या मागोमाग सोमनाथलाही, नको असताना, हसू आलं.

महिनाभर रोज दुपारी गोजरबाई बजाजनगरच्या गच्चीवर बसल्या. सून शालू वाळवणाशेजारी मोबाइल ठेवून त्यावरचा तानपुरा लावी आणि म्हणे, "आत्या, आज कालच्यापरीस मोकळा लागला." शालूला सुरातलं कळत नव्हतं, पण ती खोटंही बोलत नव्हती.

लासूर स्टेशनला दिवेलागणीला मैदान भरलं. पिशव्या, पोरं, फेटे, टोप्या, सगळं गाव लोटलेलं. सोमनाथने गोजरबाईंना मंचावर नेलं तेव्हा पडदा लावणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी पडद्याच्या मागे उभं राहायची खूण केली होती. त्यांनी ती पाहिली आणि चालत चालत पडद्याच्या बाजूला, पुढे येऊन उभ्या राहिल्या.

अंधार झाला, आणि कारभारी आले. पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी, कपाळाला भंडारा. मैदानातून एक लांब हुंकार उठला. पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले. गोजरबाईंना वाटलं होतं आपल्याला भीती वाटेल. तसं काही झालं नाही. घोंगडी उजव्या खांद्यावर आहे, ती डाव्या असायला हवी होती, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दिमडी लागली. ओळ सुरू झाली, काळी तीनवर, सावकाश. 'माळाच्या धन्या, माझी मेंढरं...'

आणि तिथे कारभारींनी तोंड मिटलं. मान वळवली. थेट गोजरबाई उभ्या होत्या तिकडे पाहिलं.

हे असं बसवलंय, हे गोजरबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. अठरा वर्षांत कारभारी एकदाही असे वळले नव्हते. मंचाच्या कडेला सोमनाथ उभा होता, हातात हात घट्ट धरून, कारभारींकडे नव्हे, गोजरबाईंकडेच बघत. एक ठोका निसटला. दिमडीवाल्याने तो झेलून धरला. दुसऱ्या ठोक्याला गोजरबाईंनी सूर उचलला, पदर तोंडापाशी न घेता.

मैदानातले मोबाइल आधी सगळे जाळीकडे होते. मग पुढचे काही बाजूला वळले. मग आणखी काही.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी फेटा बांधलेला एक म्हातारा काठी टेकत आला. कारभारींचा जुना ऐकणारा असावा. कान टवकारून चालायची सवय होती त्याला.

"बाई, झ्याक झालं," तो म्हणाला. "पण एक इचारू का? कारभारी आज जरा उतरून गात व्हते. व्हय ना?"

"व्हय," गोजरबाई म्हणाल्या.

"आधी असं नव्हतं त्यांचं."

"आता वय झालं की त्यांचं," गोजरबाई म्हणाल्या, आणि बशीत चहा ओतून म्हाताऱ्याच्या हातात दिला.