हाका मारू नका

तारकर्लीच्या गुरुदास केळुसकराची रुक्मिणी नऊ वर्षांची होती, आणि तिच्याशी लपाछपी खेळायला कुणी तयार नसे. ती शोधतच नसे. राज्य आलं की माडाला डोकं टेकून थोडा वेळ उभी राही, मग सरळ चालत जाऊन एकेकाला बाहेर काढी. कोण घाबरट, कोण घराजवळच लपेल, कोण स्वतःला हुशार समजतो, हे तिला आतून कळे. वर ती ते बोलूनही दाखवी. "बाबल्या, तुका काळोखाचो भय वाटता, म्हणान तू गोठ्यात लिपत नाय," असं तिने एकदा सगळ्यांदेखत सांगितलं. त्या दिवसापासून पोरांनी तिला टाकलं. तीही मग परसात एकटीच बसू लागली.

शेजारच्या सीतेचं उलटं होतं. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा तिला पत्ताच नसे. कुणी थट्टेत म्हटलं, विहिरीत चंद्र पडलाय, तर ती वाकून बघत बसे. ती एक पाय किंचित ओढत चाले आणि 'र'चा 'ल' करी. पोरं तिला खेळायला घेत ती हसण्यापुरती.

१९५८चा शिमगा नुकताच झाला होता. दिवेलागण झाली तरी सीता घरी आली नाही. तिचा बाप मुंबईला गिरणीत. आई आनंदी कंदील घेऊन दारात उभी. पुरुषांनी विहिरी पाहिल्या, माडाच्या बागा पाहिल्या. "सीता गो, खंय आसस?" ही हाक खाडीपर्यंत जाऊन रिकामी परत येत होती. म्हाताऱ्या गंगारामने गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवला.

तेवढ्यात रुक्मिणी आली आणि कुणाला काही न विचारता आनंदीच्या पायरीवर, सीता बसे त्या जागी बसली. तिने डोळे मिटले. हळूहळू तिचा एक खांदा खाली झुकला.

"आये," ती म्हणाली.

आनंदीने कंदील तिच्या तोंडाजवळ धरला. आवाज सीतेचा होता.

"मी लिपलंय. हाक मालली तली भायल येऊचा नाय. फसवतत. पाय भिजले, पण मी हलूचंय नाय."

अंगणाच्या कोपऱ्यात उभा असलेला बाबल्या एकदम रडू लागला. "आमी मस्करी केली. तिका लिपाक सांगलव आणि घराक इलव."

रुक्मिणी उठली आणि एक पाय ओढत खाडीकडे चालू लागली. मागून कुणीतरी मोठ्याने हाक घातली, तशी ती गर्रकन वळली. आता आवाज तिचा स्वतःचा होता.

"हाका मारू नकात! ता हरवूक नाय. ता अजून खेळता. तुमी हाक मारलात काय आणखी आत जाता."

सगळे गप्प झाले. एवढा गाव चालत होता, पण वाळूवर पावलांचा आवाजसुद्धा येत नव्हता. भरती चढत होती. कांदळवनात एक फुटकी होडी कलंडून पडली होती, तिच्यात पाणी शिरलं होतं. रुक्मिणी कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि फळीखाली वाकली. आनंदीने कंदील पुढे धरला.

पाणी सीतेच्या हनुवटीला लागलं होतं. दोन्ही हातांनी तोंड दाबून ती बसली होती, आणि तिचे डोळे हसत होते.

"गावलंस!" रुक्मिणीने तिला शिवून म्हटलं.

सीतेने हात काढले. "सगळ्यांत शेवटी?"

रुक्मिणीने मागे पाहिलं. बाबल्याने मान खाली घातली. त्याच्या मनातलं तिला सगळं कळलं, पण या वेळी ती बोलली नाही.

"होय गो. तू जिकलंस."

आनंदीने मुलीला कवटाळलं, पण रुक्मिणीच्या हाताला आपला हात लागू नये म्हणून ती जपली. दुसऱ्या दिवसापासून बायका रुक्मिणी दिसली की पोरांना आत बोलावून घेऊ लागल्या. सीता मात्र रोज दुपारी तिच्या परसात येई. भिण्यासारखं काही आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एकदा दोघी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, गजरे, करत बसल्या होत्या. शाळेची पोरं लांबून आली आणि रुक्मिणीला बघताच पायवाट सोडून कुंपणापलीकडच्या शेतातून धावत गेली.

"ती थयसून कित्याक गेली?" सीतेने विचारलं.

रुक्मिणीने सुईत दोरा ओवला.

"थंय सावली आसा," ती म्हणाली.