मातीचा निरोप

आखाडा बाळापुरात सायकल होती ती एकट्या हरिचंद कासाराकडं. मागं बांगड्यांची पेटी बांधून तो गावोगाव हिंडायचा. घंटी वाजली की बाया हातातलं काम टाकून ओसरीवर यायच्या.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना आणि कळमनुरीची मोटार बंद पडली. त्याच उन्हाळ्यात तातेराव पाटलांची चुलती वारली. पाटलांनी हरिचंदला बोलावलं. "तिच्या लेकीला सांगून ये. माती थांबून हाय."

हरिचंद गेला. मेल्या माणसाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? पण पुढं ज्याच्या घरी कोणी गेलं, तो आधी हरिचंदच्या दारात येऊन उभा राहू लागला.

वर्षभरात त्याच्या घंटीनं बाया रडू लागल्या. "कोण गेलं रं बाबा?"

"कोणी न्हाई माय, बांगड्या हायेत," तो पेटी दाखवायचा. पण त्याच्यापुढं मनगट कोणी करीना.

"सायकल इकून टाकतो," तो पाटलांना म्हणाला. "पायी हिंडून धंदा करतो."

"आन् गावानं काय करावं?" पाटील म्हणाले. शिवाय ती सायकल विकत घेणार तरी कोण होतं? तिला हात लावायला माणसं भीत होती.

हरिचंदच्या धाकट्या बहिणीचा, गोजरबाईचा नवरा संतराम कळमनुरीत भांडी विकायचा. एका बाजाराला तो बाळापुरात आला, दुकान मांडलं आणि भर उन्हात भांड्यांवरच कोसळला. तोंडाला पाणी लावेपर्यंत सगळं संपलं होतं. माणसं जमली. मग एकेकाची नजर हरिचंदकडं वळली.

"माझी भैण हाय ती," हरिचंद म्हणाला. "दुसऱ्या कोणाला धाडा."

"दुसऱ्याला सायकल कुठं येती?" पाटील हळू आवाजात म्हणाले. "प्रेत गाडीत घालून मागून आणतो. तू पुढं हो. तिला रस्त्यावरच्या माणसाकडून कळू नये."

ते खरं होतं, म्हणूनच त्याला सुटता येईना. वाटेतल्या गावांत रडारड नको म्हणून त्यानं धंद्याला निघाल्यागत पेटी मागं बांधली. कळमनुरीच्या अलीकडं सायकल एका लिंबाला टेकवली, पेटी खांद्यावर घेतली आणि बहिणीच्या गल्लीत शिरला.

गोजरबाई दारातच ज्वारी निवडत होती. "दादा! आन् पायी? सायकल कुठं हाय?"

"मोडली."

"बरं झालं. लोकं काय काय बोलून राहिले तिच्याबद्दल." तिनं पाणी दिलं आणि हात पुढं करून समोर बसली. "हिरव्या भर. घरात नवरा कासार असला तरी बांगड्या भावाच्याच हातच्या पाहिजेत."

सांगायला हरिचंदनं तोंड उघडलं. मग त्यानं पेटीच उघडली. तिचा पंजा दाबून पहिली बांगडी चढवली, मग दुसरी. तिसरी त्याच्या बोटांत फुटली.

"तुझ्या हातून काहून फुटली?"

तो खाली बघत काचा वेचू लागला. गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी थांबल्याचा आवाज आला, माणसांची कुजबुज आली. गोजरबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"दादा, सायकल मोडली न्हाई ना?"

त्यानं 'न्हाई' म्हणून मान हलवली.

तेरावा होईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. तो निघताना दाराआडून एवढंच म्हणाली, "सांगवत नव्हतं तर सांगायचं नव्हतं. भरल्या काहून?"

लिंबाखालची सायकल घेऊन बाळापुरात आल्यावर एका पहाटे त्यानं ती ढकलत नेली आणि गावाच्या विहिरीत लोटली. बायको जिवनबाईला सांगितलं, चोरीला गेली. तिनं चूल पेटवली. त्या सकाळी कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

दुपारी दारात गलका झाला. पाणी भरणाऱ्या बायांना विहिरीत हँडल दिसलं होतं. गड्यांनी दोर सोडून सायकल वर काढली होती, धुऊन पुसून साखळीला तेलही दिलं होतं.

"चोरानं टाकली असंल," पाटील आनंदानं म्हणाले. "पण बराबर हाय बघ. चाकसुद्धा वाकलं न्हाई."

त्यांच्या मागं डोक्याला उपरणं गुंडाळलेला एक माणूस उभा होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. सायकल निघेपर्यंत तो विहिरीपाशीच थांबला होता.

हरिचंदनं हँडल धरलं. लोखंड अजून गार होतं.

"कुठं जायाचं?" त्यानं विचारलं.