पोटात अर्धंच माप

मित्रांनो, पट्टे विरलेला, खुंटीला टांगलेला, आयुष्यभर पाठीवर बसून हिंडलेला मी एक जुना फवारणी पंप आहे. टांगलेला असलो तरी स्वस्थ नसतो. दार करकरलं की कोणाचा हात आत येतोय, ते आधी बघतो.

साच्यातून निघालो तेव्हा पिवळाधमक होतो. या घरातल्या थोरल्या जावेनं मला पाठीवर घेऊन गाईच्या वैरणीसाठी पेरलेल्या मक्याच्या शेतात नेलं. माझा दांडा ती अशा तालात हलवायची की नोझलमधून धुकंच पडावं. "गुणी आहे हा. राबतो आणि जेवायला मागत नाही," असं ती धाकट्या जावेला सांगायची. मी फुगून जायचो.

पण थोरलीचा हात वाढणाऱ्याचा. तणनाशकाचं माप भरून झालं की वर आणखी एक झाकण ओतायची. "असू दे. हात आखडता घेऊ नये." जणू तण म्हणजे दारी आलेला जावईच. गेल्या वर्षी त्या जास्तीच्या झाकणांनी तणाबरोबर मक्याची पानंही पांढरी पडली. शेताच्या उताराला विहीर आहे, घर तिचंच पाणी पितं. तिच्यातले बेडूक गप्प झाले आणि धाकटीची झोप उडाली.

यंदा तिनं माझ्या झाकणावर हात ठेवला. "ताई, या वेळी अर्धंच माप. तण दोन पानांवर आहे तोवर, तेही फक्त मक्याच्या ओळीवर. ओळींच्या मधलं तण कोळपं फिरवून काढू."

"आणि तण माजलं तर? गाईपुढे काय टाकणार, तुझी हुशारी?"

"बांधाच्या कोपऱ्यात करून पाहिलंय मी."

"कोपऱ्यात मांजरही वाघ असतं." थोरलीनं माप तिच्या हातात दिलं. "कर. पण मका दबला तर पुढच्या वर्षी माप माझ्या हातात. मग चकार शब्द काढायचा नाहीस."

अर्ध्या मापानं मी ओळीओळीनं फिरलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. मका हरला तर ती जास्तीची झाकणं पुन्हा माझ्याच पोटातून विहिरीकडे जाणार होती.

आणि तण काही मेलं नाही. पिवळं पडलं, रुसून खाली बसलं, पण होतं. कोळपणी झाली, मका कमरेला लागला, तरी थोरलीची बांधापर्यंतची येरझार थांबेना. शेवटी एका दुपारी धाकटी गोठ्यात असताना तिनं मला उतरवलं, तणनाशकाची बाटली काखेत मारली आणि विहिरीशी नेऊन माझ्यात पाणी ओतलं. बाटलीचं बूच निघालं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

ओतण्याआधी तण किती माजलंय ते बघावं, म्हणून ती ओळीत शिरली. मक्याची पानं एकमेकांना भिडली होती, खाली गारेगार सावली होती. तिनं तणाचं एक रोप दोन बोटांनी धरलं. ते ओढावंही लागलं नाही, आपसूक हातात आलं.

"ताई?" मागे धाकटी उभी होती.

"पंप धुवायला आणला होता."

"बाटली घेऊन?"

"तीही धुवायची होती." थोरलीनं हातातलं फिकट रोप पुढे केलं. "मेलं नाही हे तुझं तण."

"मरायला कशाला हवं? मका डोक्यावर जाईपर्यंत दमलं म्हणजे झालं."

थोरलीनं बूच घट्ट लावलं. माझं पाणी विहिरीपासून लांब नेऊन शेतातच ओतलं. "गाईला सांग," ती म्हणाली, "यंदा पोटभर आहे."

तरी मला चैन नाही. पुढचा हंगाम येईल, माप भरेल आणि तो वाढणारा हात क्षणभर माझ्यावर थांबेल. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. मला पाण्याच्या काठी धुऊ नका, भरताना नजर मापावर ठेवा. पाहुण्याच्या ताटात वाढताना हात खुशाल सैल सोडा. माझ्या पोटात ओतताना मात्र तो आखडता घ्या. कारण मी काहीच पचवत नाही. जे वाढाल ते सगळं तुमच्याच मातीत ओकतो.