सत्काराला मी येतो

माझी बायको पंचफुला गेल्याचं मला डेपोत कळलं. मी मुखेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. त्या रविवारी सकाळी मी गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून ब्रेकचं काम करत होतो. वरून हाक आली की लातूरहून फोन आहे. हात ग्रीसने भरलेले होते, म्हणून सोबतच्या माणसाने वाकून फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे मैदानाचा वॉचमन होता. त्याने विचारलं, तुम्ही लुंबिनीचे वडील का. मी हो म्हणालो. तो म्हणाला, तिच्या आईला दवाखान्यात नेलंय, निघा. त्याच्या आवाजावरून मला कळलं. फोन धरणाऱ्यालाही कळलं असावं. फोन बंद झाला तरी त्याने तो माझ्या कानापासून काढला नाही.

पंचफुला मुखेडच्या एका शाळेत क्रीडा शिक्षिका होती. दर शनिवारी शाळा सुटली की ती लातूरची गाडी धरायची. आमची मुलगी लुंबिनी तिथे खोली करून राहते, कॉलेज करते आणि चालण्याच्या शर्यतीचा सराव करते. तिची प्रशिक्षक तिची आईच होती. त्या रविवारी सराव चालू असताना पंचफुला मैदानाच्या कडेला एका कोपऱ्यात खाली बसली. लुंबिनीने ते पाहिलं. पण काही झालं तरी ठरलेलं अंतर मोडायचं नाही हा आईचाच नियम, म्हणून ती पुढची फेरी मारायला गेली. फिरून परत आली तेव्हा आईभोवती माणसं जमली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ती फेरी मारली नसती तरी काही फरक पडला नसता, असंही ते म्हणाले. मी ते लुंबिनीला सांगितलं. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

घरी माणसं यायला लागली. आलेला प्रत्येक जण बसला की थोड्या वेळाने हेच म्हणायचा, की पोरगी देणगी घेऊनच जन्माला आली, आईच्या रक्तातलंच आहे. मी मान हलवायचो. आता लिहायला बसलोय तर सांगतो. रक्तात काही नव्हतं. पंचफुला कॉलेजात गोळाफेक करायची. माझं रक्त म्हणाल तर मला डेपोचा जिना चढताना धाप लागते. लुंबिनी शाळेत पळण्यात शेवटून दुसरी यायची. फक्त बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन चालताना ती आमच्या पुढे निघून जायची आणि तिला हाका मारून थांबवावं लागायचं. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पंचफुलाने त्याचं काहीतरी केलं, एवढाच फरक.

काय केलं, तेही सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही. या शर्यतीत एक पाऊल कायम जमिनीला लागलेलं असावं लागतं आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात ताठ हवा. चुकलं की पंच बाहेर काढतात. पंचफुला शाळेच्या मैदानावर फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, लांब रेघ मारायची आणि पोरीला तिच्यावरून चालवायची. वेगात नाही, सावकाश. मग रेघेवर वाकून टाचा कुठे कशा उमटल्यात ते बघायची, रेघ पुसायची आणि पुन्हा मारायची. पहिला सगळा हिवाळा एवढंच चाललं. मी मोटारसायकलवर पाणी घेऊन बसलेला असायचो आणि मला झोप यायची. इतकं कंटाळवाणं काम मी गॅरेजमध्येसुद्धा पाहिलेलं नाही. पुढे रस्त्यावर सराव सुरू झाला, तेव्हा कंबर हलते म्हणून पोरं मागून नक्कल करत यायची. बाया पंचफुलाला म्हणायच्या, बाई, लेकीला हे काय शिकवायलात? आज त्याच बाया सांगतात, आम्हाला तेव्हाच कळलं होतं.

लुंबिनी तालुक्यात पहिली आली आणि आमच्याकडे सत्कार सुरू झाले. आपल्याकडे कुणी जरा वर आलं की त्याला आधी मंचावर बसवायचं. संध्याकाळचा कार्यक्रम, पाहुणे उशिरा येणार, मग भाषणं. दुसऱ्या दिवशीचा सराव गेलाच. पंचफुलाने दोन कार्यक्रम सहन केले आणि मग एक पद्धत ठरवली. सत्काराला ती स्वतः जायची. लुंबिनी झोपली आहे, तुमची शाल मी घेते, असं माइकवर सांगायची. लोक नाराज व्हायचे. काहींनी बोलवणंच बंद केलं, तेव्हा ती म्हणाली, बरं झालं. लुंबिनी राज्यात पहिली आली, मग देशात पाचवी, आणि मुखेडच्या निम्म्या लोकांनी तिला जवळून पाहिलेलं नव्हतं. देशाच्या संघाची निवड या हिवाळ्यात आहे. परदेशातल्या मुली तिच्यापेक्षा किती पुढे आहेत हे पंचफुलाला तोंडपाठ होतं. पाचव्या नंबरचे पेढे तिने वाटू दिले नाहीत.

आणि आता पंचफुला नव्हती.

तिच्या भावाने, व्यंकटीने, आमच्या बौद्ध रीतीच्या जलदान विधीची आणि पुण्यानुमोदनाची सगळी जबाबदारी घेतली. तो जळकोटला असतो, पुढाऱ्यांत ऊठबस आहे. मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. त्या दिवशी गेलो तर मंडपाच्या तोंडाशी बॅनर. त्यात लुंबिनी मोठी, तिच्या शेजारी हात जोडलेला व्यंकटी, आणि कोपऱ्यात गोलात पंचफुला. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं, धम्मदेसना झाली. मग व्यंकटीने माइक घेतला आणि म्हणाला, याच प्रसंगी आपण आपल्या भूमिकन्येचा सत्कारही उरकून घेऊ. पोरीच्या खांद्यावर शाल पडली. आईच्या पुण्यानुमोदनात तिला टाळ्या ऐकाव्या लागल्या.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे काय चालवलंय.

"दाजी, माणसं जमली व्हती," तो म्हणाला. "पुन्हा एवढी कधी जमणार हायत?"

"तुझी अक्का असती तर माइक काढून घेतला असता."

"अक्का असती तर माणसं जमली नसती." तो असं बोलला आणि मग त्याचेच डोळे भरले. तोही तिचा भाऊच. त्याच्यावर नीट रागावताही येईना.

त्यानंतर बोलावण्यांची रांग लागली. श्रद्धांजली आणि सत्कार, दोन्ही एकत्र. मी पंचफुलाचीच पद्धत धरली. पोरगी लातूरला सराव करते आहे, सत्काराला मी येतो. कामावरून सुटलो की जायचो, मंचावर बसायचो, फेटा बांधून घ्यायचो. बायको जाऊन महिना झाला नाही आणि मी गावोगाव फेटा बांधून बसलेला. उदगीरच्या एका कार्यक्रमात पाहुण्यांनी मलाच विचारलं, तुम्ही कोणत्या खेळात आहात.

देवणीला जनावरांचं प्रदर्शन होतं, तिथलं बोलावणं आलं. दयानंद नावाचे गृहस्थ आयोजक होते. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, मी येतो. ते म्हणाले, हाव, या की तुम्हीपण. त्यांच्या ‘तुम्हीपण’मधला ‘पण’ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

पोचलो तेव्हा मंचासमोर वळू उभे होते, अंगावर झुली, गळ्यात पट्टे. माइकवरचा माणूस एकेकाचं सांगत होता: याचा बाप पहिला, याचा आजा पहिला, अस्सल रक्त. आणि मंचावर, पाहुण्यांच्या रांगेत, लुंबिनी बसलेली. मला बघून तिने मान खाली घातली. माइकवाल्याने वळू संपवले आणि त्याच आवाजात तिचं सुरू केलं. आई खेळाडू, लेक खेळाडू, रक्तच तसलं. माझ्या मनात आलं की माइक घ्यावा आणि त्या रेघेचं सांगावं, टाचांचं सांगावं. पण पुढ्यात बसलेल्या माणसांना वळू बघायचे होते.

कार्यक्रम संपल्यावर तिला बसस्टँडवर घेऊन आलो. चहा सांगितला. तिने आपणहून सांगितलं की ही पहिली वेळ नाही. निलंग्याला गेली होती, चाकूरला गेली होती, लातुरातल्या दोन कॉलेजांत गेली होती. मी एका गावात तिची शाल घेत असायचो तेव्हा ती दुसऱ्या गावात शाल घेत असायची. व्यंकटीमामा गाडी पाठवायचा.

"आणि सराव?"

"करते की. थोडा थोडा."

"लुंबिनी, मी फेटे बांधून फिरतोय ते कशासाठी?"

"मी सांगितलं व्हतं का फिरा म्हणून?"

शेजारच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. मी नजर चहाकडे वळवली. एक तर तीच खरं बोलत होती आणि दुसरं म्हणजे माझा आवाज चढला होता. चहा गार झाला. मग ती हळू बोलली.

"पप्पा, तिथं लोक मम्मीचं नाव घेतेत. चुकीचंच सांगतेत, मला कळतंय. पण घेतेत तर खरं. मैदानावर कोण घेतंय? तिथं मी चालायले अन् तो कोपरा येतो. पुन्हा तोच येतो. कुणी कायच बोलत न्हाई."

मी गाडीचा आवाज ऐकून कुठे बिघाड आहे ते सांगू शकतो. माणसांचं पंचफुला बघायची. मी तिला म्हणालो की उद्या सकाळी मैदानावर ये, मीही तुझ्यासोबत लातूरला येऊन थांबतो.

सकाळी मी त्या कोपऱ्यात उभा राहिलो. तिने चालायला सुरुवात केली. मला तिच्या पायातलं काही कळत नाही. ती जवळ आली तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "तुझी आई मला बघायला आली तेव्हा मी पोह्यांत मीठ विसरलो होतो."

ती पुढे निघून गेली. पुढच्या फेरीला लांबूनच ओरडली, "तुम्ही पोहे केलते?"

"तिचीच अट होती. आधी मुलाने काहीतरी करून दाखवावं."

ती पुन्हा गेली. पुन्हा आली. मी सांगत गेलो, येईल तेव्हा एक. गोळाफेकीत तिने पंचांच्या टेबलाचा पाय मोडला ते. माझ्या आईने नातीला शाळा पुरे म्हटलं तेव्हा पंचफुला तीन दिवस तिच्याशी फक्त खेळाच्या नियमांवर बोलली ते. जास्त ऐकायचं असेल तर तिला फिरून यावंच लागत होतं, आणि मी एका वेळी एकच सांगत होतो. मध्ये मी आठवत थांबलो, तर ती जाता जाता म्हणाली, "काय पप्पा, एवढ्यातच संपली का मम्मी?"

मी चिडलो. इतक्या वर्षांच्या संसारातलं ऐन वेळी काही आठवेना. मग तिला आईच्या घोरण्याचं सांगितलं.

आता मी आठवड्याच्या सुट्टीला लातूरला जातो. व्यंकटीला सांगितलंय की पुन्हा गाडी पाठवलीस तर तिची हवा काढीन. त्याने हसण्यावारी नेलं, पण पाठवलेली नाही. पोरगी पूर्ण अंतर चालते आहे. मला सांगायला नवीन काही उरत नाही, जुनंच पुन्हा सांगतो, तेही तिला चालतं.

पण गोष्टी सांगून पाय सुधारत नाहीत. तिची टाच कुठे पडते, शेवटच्या अंतरात कोणता पाय वाकतो, हे बघणारं कुणी नाही. लातुरात तीन प्रशिक्षकांना विचारलं. एक पळण्याचा आहे, एक म्हणतो निवड झाली की बघू, एकाला मंचावर सोबत बसायचं आहे. निवड जवळ आली आहे आणि लुंबिनीला प्रशिक्षक अजून मिळालेला नाही.