दारातला बूट

टक्.

बाळाचा नुकता डोळा लागला होता, घर चिडीचूप होतं, आणि बाहेर दाराच्या मुठीवर लाकडी पाटी आपटली. ऊर्मिलेने कपाळाला हात लावला. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या या इमारतीत ती पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा. बाळंतीण असो की राणीसरकार, सूट नाही.

दार उघडून बघते तर खालच्या मजल्यावरचा हैसम बादली घेऊन हजर. दोन महिने तिच्या वाटचा जिना तोच पुसत होता. ती त्याला डब्यातून काहीबाही द्यायची.

"मला म्यूस्ली, आणि त्याला बदाम घालून शिरा!" नवरा सिद्धेश चिडवायचा. "उद्यापासून मीच पुसतो जिना."

हैसम सीरियाचा. तिशी ओलांडलेला, गोदामात ट्रक उतरवणारा, मुखदुर्बळ. त्याची एकच खोड होती. घरात असला की दार लावून घ्यायचा नाही, फटीत एक जुना बूट अडकवून ठेवायचा. पहिल्या मजल्यावरची म्हातारी फ्राऊ क्नोडेल करवादायची, "हे घर आहे की तंबू?" तो नुसता हसायचा.

आज मात्र त्याने बादली खाली ठेवली आणि खिशातून एक पत्र काढलं.

"फ्राऊ देवधर, एक फोन कराल? माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

पत्र कोर्टाचं होतं. मंगळवारी साक्षीला बोलावलं होतं. सीरियात हैसम ज्या पलटणीत होता, तिथला साहेब इथेच, जर्मनीत, नाव बदलून राहताना सापडला होता.

"आजारी आहे म्हणून सांगा," हैसम म्हणाला.

"अहो, पण का?"

तो स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर टेकला. शेजारच्या खोलीत पाच वर्षांची इरा चित्र रंगवत होती. ऊर्मिलेने मधलं दार लोटलं. पोरीपासून काही झाकायचं असलं की ती आणि सिद्धेश हिंदीत बोलत. हैसमला कुठली हिंदी? जर्मनच बोलायचं, दोघांचंही मोडकंतोडकं.

एकोणिसाव्या वर्षी सक्तीने लष्करात उचललं, त्याने सांगितलं. बंदूक रोखायची ती आपल्याच माणसांवर. एका शाळेचा तुरुंग केला होता. तळघरावर त्याचा पहारा, किल्ली त्याच्या पट्ट्याला. इथे आल्यावर कागदांत मात्र त्याने लिहिलं, लष्करात स्वयंपाकी होतो.

"आत बत्तीस माणसं. ऑगस्ट महिना. पाणी मागत होती. साहेबाचा हुकूम, सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. आधी हातांनी ठोठावत होती. मग, मला वाटतं, बुटांनी." त्याने बोटांनी टेबलावर हलकेच ठोकून दाखवलं. "सकाळी कोणी ठोठावत नव्हतं. फरशी मीच धुतली."

ऊर्मिलेने त्याच्या हातांकडे पाहिलं. या हातांत तिने शिऱ्याचा डबा ठेवला होता. एकदा बाळही ठेवलं होतं.

"आणि साक्ष दिलीत तर?"

"तर किल्ली कोणाकडे होती, ते सांगावं लागेल. माझे कागद जातील. मलाही आत टाकतील कदाचित. नाही दिली तर तो सुटेल. बोलायला दुसरं कोणी उरलेलंच नाही."

तिला त्याची कीव आली आणि तिथून उठून जावंसंही वाटलं. कोणतं खरं, तिला ठरवता येईना. शेवटी एक आजारपण सांगायचं, त्यात आपलं काय जातं, असं मनाला समजावत तिने नंबर फिरवला. रिंग वाजू लागली.

हैसम तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या मागे होती. ऊर्मिला वळली. लोटलेलं दार अर्धं उघडं होतं, आणि तिथे इरा हातात लाल खडू घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तेव्हा कुठे ऊर्मिलेच्या लक्षात आलं. जर्मन ही तर या पोरीचीच भाषा. आपल्याला अडखळत कळलं, ते हिला लख्ख कळलं असणार.

हैसमने हात पुढे केला आणि फोन बंद केला.

"राहू द्या. मंगळवारी जातो मी." पत्राची चौघडी करून त्याने खिशात घातली आणि बादली उचलायला वाकला.

इरा धावत येऊन आईला बिलगली. एरवी मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देणारी ती पोर. पण आज तिने आईच्या कानाशी तोंड नेलं, आणि काकांना कळू नये म्हणून, एकेक शब्द जुळवत, मराठीत विचारलं,

"आई, किल्ली काकांकडेच होती ना? मग त्यांनी दार का नाही उघडलं?"