टिटवीचा डबा

हिवराच्या झाडाखालचा दगड राबियानं दोन्ही हातांनी उलथवला. खाली ओलसर माती, पळत सुटलेली एक गोम, बाकी काही नाही. तिनं दगड जसा होता तसा परत बसवला, मातीनं डागाळलेली बाजू खाली करून, आणि बुरख्याच्या बाह्या सावरत ती पुढच्या दगडाकडे सरकली.

पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या फाट्यावर एस.टी.तून उतरल्यापासून ती या बांधावर होती. एका बाजूला घाट्यांवर आलेला हरभरा, दुसऱ्या बाजूला कापूस वेचून झालेली उभी पराटी. मधला बांध मात्र सांगितला होता तसा राहिला नव्हता. बराचसा पावसात वाहून गेलेला दिसत होता आणि त्याचे दगड हरभऱ्यात लांबवर विखुरले होते. तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि त्यातला खुणा सांगणारा आवाज पुन्हा लावला.

“राम राम मंडळी. कय्यूम बोलून राह्यलो, मलकापूरहून. टिटवीचा डबा ठेवला हाये. हिवराखाली उभे राहा, तोंड गावच्या टाकीकडं. उजव्या हाताले बांध लागते. त्याच्यात सारे दगड काळे, एक पांढरा. पांढऱ्याले हात नका लावू, तो नुसता खुणेचा हाये. त्याच्या पोटाखालचा काळा दगड काढा, हळूच. हात घालायच्या आधी काडी घालून पाहा, इच्चूचं रान हाये. आन् जाताना सारं होतं तसंच ठेवजा. पुढच्या माणसाले वाटलं पाह्यजे का इथं आपणच पह्यले आलो.”

हा आवाज तिच्या नवऱ्याचा होता आणि नव्हताही. घरात ते दोघं उर्दूत बोलत. मराठी ही कय्यूमची दुकानातली भाषा. गिऱ्हाइकांशी बोलताना त्याचा आवाज थोडा चढायचा, थोडा अदबशीर व्हायचा. राबिया जेवणाचा डबा द्यायला दुकानात गेली की तो आवाज तिच्या कानावर पडे, आणि आपला माणूस जरा परका वाटे. तो गेल्यानंतर तिच्याजवळ उरला तो नेमका हा परका आवाज. घरातला आवाज कुणी कशाला भरून ठेवतं?

मलकापूरच्या स्टेशन रोडवर कय्यूमचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. मुख्याध्यापक, सरपंच, डॉक्टर, अडते, सगळे त्याच्याकडे येत. मशीनवर शिक्के निघायला लागले तरी त्याचा हातानं कोरायचा नाद सुटला नव्हता. रिकामा असला की रबराच्या तुकड्यावर तो काहीबाही कोरत बसायचा. एक दिवस शैलजा मॅडम दुकानात आल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना शिक्का हवा होता, पण त्यावर नाव नको, हुद्दा नको, नुसतं पळसाचं पान हवं होतं.

“हा कोन्या हापिसाचा शिक्का झाला, मॅडम?” कय्यूमनं विचारलं होतं.

मॅडमनी समजावून सांगितलं. मुलाकडे इंग्लंडला गेल्या असताना त्या हा छंद शिकून आल्या होत्या. एका डब्यात एक शिक्का, एक वही आणि शाईची गादी ठेवायची. डबा रानात कुठं तरी लपवायचा आणि तिथवर पोचायच्या खुणा मंडळींना कळवायच्या. शोधणाऱ्यानं डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, आणि डबा पुन्हा जागच्या जागी ठेवून निघून जायचं.

“आन् बक्षीस?”

“काही नाही.”

कय्यूमला हे फार आवडलं. खामगाव, अकोला, जळगावकडची थोडी मंडळी मॅडमनी जमवली, त्यांचा फोनवर एक गट झाला, आणि दर इतवारी कय्यूम पिशवी घेऊन निघू लागला. डबे लपवण्यातले रीतिरिवाज तो मॅडमपेक्षाही कसोशीनं पाळायचा. शेताच्या मालकाला विचारल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. देऊळ, दर्गा, स्मशान, कब्रस्तान यांच्या जवळपास ठेवायचं नाही. झाडाला खिळा मारायचा नाही. शिक्का पुसूनच ठेवायचा, पुढच्याच्या बोटांना आपली शाई लागायला नको. कुणी येताना दिसलं तर पाण्याची बाटली काढून सावलीत बसायचं आणि तो पुढं गेल्यावरच डब्याला हात लावायचा.

“चल ना, एक इतवार को,” तो राबियाला म्हणायचा. “तेरा भी एक शिक्का बनाता हूँ.”

“मेरे को क्या करना शिक्का? मैं क्या तहसीलदार हूँ?”

ती कधी गेली नाही. कपडे, पाणी, नातेवाईक, इतवारचीच कामं जास्त असायची.

मग एका शिवारात त्याला लोकांनी अडवलं. मालकाची परवानगी होती, पण मालक बाहेरगावी गेला होता. झोळीवाला माणूस दगडात काय ठेवतोय म्हणून चार जण धावत आले, मग दहा झाले. नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं. त्यानंतर त्याला पिशवी पालथी करायला लावली, डबा लांब ठेवून काठीनं उघडायला लावला. संध्याकाळी घरी येऊन तो हे सगळं हसत हसत सांगत होता. शेवटी त्यातल्या एकाच्या लहान पोरीच्या हातावर शिक्का उमटवून दिला, तेव्हा सगळे निवळले म्हणे. राबिया हसली नाही. तिला त्याच्या सदऱ्याचा उसवलेला खिसा दिसत होता.

“अब बस,” ती म्हणाली.

तो वाद घालील असं तिला वाटलं होतं. त्यानं जेवता जेवता मान हलवली. “ठीक है.” त्यानंतर तो एकाही इतवारी गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात, दुकानाचं शटर उघडता उघडता तो खाली बसला तो उठलाच नाही.

राबियाची इद्दत, नवऱ्यामागं घरातच काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर शैलजा मॅडम घरी आल्या. लपवणारा माणूस डब्याची देखभाल करू शकत नसेल तर डबा उचलून आणायचा, असा रिवाज आहे, त्या म्हणाल्या. नाही तर त्याचा रानात कचरा होतो, आणि कय्यूमभाईंना ते चाललं नसतं. बाकीचे डबे मंडळींनी आणून दिले होते. फक्त टिटवीचा राहिला होता.

“मी जाते पुढच्या आठवड्यात,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, पायऱ्या चढतानाच ते राबियानं पाहिलं होतं.

“नाही मॅडम,” राबिया म्हणाली. “तो मी आणते.”

म्हणून आज ती इथं होती, पिशवी घेऊन, एकटीच. निघताना शेजारणीला खामगावला नात्यातल्या एका लग्नाचं बोलायला चालले असं सांगून आली होती.

“ओ मावशी! काय ठेवून राह्यल्या तिथं?”

बांधापलीकडच्या गाडरस्त्यावर मोटरसायकल थांबली होती. दोन तरुण. मागचा खाली उतरला. राबियाच्या हातातला दगड हातातच राहिला.

“ठेवून नाही राह्यली. शोधून राह्यली.”

“काय?”

“डबा. माह्या नवऱ्यानं ठेवला होता.”

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे ऐकायला किती संशयाचं वाटतंय. तरुणांनी एकमेकांकडं पाहिलं.

“कुठच्या तुम्ही?”

“मलकापूरची.”

“मलकापूरहून इथं डबा ठेवाले आले? काऊन? काय हाये त्याच्यात?”

“शिक्का हाये. टिटवीचा.”

उतरलेल्या तरुणानं मोबाइल काढून तिच्यासमोर धरला. शेजारच्या शेतात तूर सोंगणारी माणसं विळे घेऊन बांधापर्यंत आली. कुणी तरी म्हणालं, पोलीस पाटलाले फोन लाव. राबियानं दगड जागेवर ठेवला. कय्यूमसारखं हसून सांगायचं तिनं ठरवलं, पण ओठ हलेनात. त्या दिवशी उसवलेल्या खिशाबद्दल तिनं त्याला काहीच विचारलं नव्हतं. आता विचारावंसं वाटत होतं, की तू हसलास कसा?

“काय गर्दी हाये बे?” हरभऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ येत होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. माणसांनी वाट दिली.

“रामरावकाका, ह्या बाई तुमच्या बांधात काहीतरी...”

रामरावांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. ते राबियाकडं आणि तिनं नीट परत बसवलेल्या दगडांच्या ओळीकडं पाहत होते.

“कय्यूमभाईच्या घरचे काय तुम्ही?”

राबियानं मान हलवली.

“ते नाही आले?”

“ते गेले,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात.”

रामरावांनी टोपी काढली आणि हातात धरली. मग मोबाइलवाल्या तरुणाला म्हणाले, “ऋत्विक, फोन ठेव खिशात.”

“पण काका...”

“ठेव म्हणलं ना. मले इचारून ठेवलेला डबा हाये तो. त्या साली टिटवीनं इथं उघड्यावर अंडे घातले होते. मी तेवढा तुकडा वखरला नाही. कय्यूमभाईनं ते पाह्यलं आन् म्हणे, रामराव, चित्र आता हिचंच कोरतो.” ते राबियाकडं वळले. “भादव्यात लय पाणी झालं, भाभी. बांध गेला. डबा हरभऱ्याच्या वावरात सापडला मले. आतमंदी थेंब नव्हता गेला. मी वाट पाह्यली त्याची. मंग म्या आपल्या मतानं ठेवून देल्ला.”

“कुठं?”

रामराव अवघडले. “ते सांगत नसतात ना, भाभी. कय्यूमभाईनंच शिकवलं मले. तो डबा ठेवाचा तवा मी पाठ फिरवून उभा राहो. म्हणे, मालकानं पाह्यलं नाही पाह्यजे आन् आलेल्याले बोटानं दाखवलं नाही पाह्यजे.” त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “एवढं सांगतो, जुन्या विहिरीकडं जा. आम्ही पाहत नाही.”

आणि ते वळले. गावाकडं तोंड करून, हात मागं बांधून उभे राहिले.

“फिरा रे सारे,” ते म्हणाले.

तूर सोंगणारी माणसं जराशी हसली, पण वळली. मोटरसायकलवरचा तरुण काहीतरी पुटपुटला आणि किक मारून धुरळा उडवत निघून गेला. ऋत्विक त्याला हाक मारायला गेला, थांबला, आणि मग तोही वळून रामरावांच्या शेजारी उभा राहिला.

मोटेची जुनी विहीर शेताच्या कोपऱ्यात होती. पाणी आता बोअरचं, त्यामुळं तिच्या कठड्यात गवत माजलं होतं. राबिया वाकून एकेक दगड पाहत गेली. सगळे काळे. आणि मग गवताआड एक पांढरा. बांधातला तो खुणेचा दगडही म्हाताऱ्यानं वाहून आलेल्या मातीतून शोधून इथवर आणला होता.

तिनं पांढऱ्याला हात लावला नाही. खालचा काळा दगड हळूच ओढला, पोकळीत काडी फिरवली आणि मग हात घातला.

झाकणाचा प्लास्टिकचा डबा, वर पॉलिथीन, त्याला रबरबँड. आत वही कोरडी होती. शाईची गादी वाळून कडक झाली होती. चिंधीत गुंडाळलेला शिक्का तिनं बाहेर काढला. लाकडाच्या मुठीवर चिकटवलेलं रबर, आणि त्यावर उलट कोरलेली टिटवी. एक पाय वर घेतलेली, मान वळवून मागं काय आहे ते पाहणारी. पिसं किती बारीक कापली होती. हे सगळं त्यानं रात्रीतून, ती झोपल्यावर कोरलं असणार.

तिनं शिक्का तोंडाजवळ नेला आणि त्यावर ऊन श्वास सोडला. दुकानात कय्यूम दिवसभर हेच करायचा, शाई सुकली की. मग तिनं तो डाव्या तळहातावर दाबला. रबरात मुरलेल्या शाईनं तो फार पुसट उमटला. पाय आणि मान तेवढी दिसली, मधली टिटवी नव्हतीच.

ओढणीच्या टोकानं तिनं रबर पुसलं. शिक्का चिंधीत गुंडाळला. पायाशी पिशवी उघडी पडली होती, डबा न्यायला आणलेली. तिनं पिशवीकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं, मग बांधावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीकडं. या डब्याची देखभाल करणारं कुणी नाही, असं मॅडमना वाटत होतं. राबियानं झाकण लावलं, रबरबँड चढवला आणि डबा होता तिथं आत सरकवला. त्यावर काळा दगड. कडेची सुटलेली माती बोटांनी दाबून बसवली आणि मोडलेलं गवत उभं केलं.

झालं होतं. आता तेवढं नुसतं म्हटलं असतं, तर सगळे वळले असते.

ती कठड्याला टेकून खाली बसली. घरी मैयत असताना तिनं धीर सोडला नव्हता, इद्दतीत येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांसमोर सोडला नव्हता, दुकान रिकामं केलं तेव्हाही नाही. तळहात तोंडावर दाबून ती रडू लागली. आवाज दाबायचा प्रयत्न केला, तरी तो निघालाच, आणि विहिरीत उतरून मोठा होऊन परत आला.

बांधावर माणसं उन्हात ओळीनं उभी होती. कुणी तरी खोकललं. वळून कुणी पाहिलं नाही.