डावा खण

मी एक जुनी मतपेटी आहे, मित्रांनो. निवडणुकीतली नव्हे हं! मी साहेबांच्या क्लबातली. सागवानी अंग, पितळी कड्या आणि तोंडाला मखमली बाही. नव्या माणसाला सभासद करायचं की नाही, ते माझ्या पोटात ठरतं. प्रत्येकाने लाकडी गोटी मुठीत घेऊन मनगटापर्यंत हात आत घालायचा. उजव्या खणात टाकली तर 'हो', डाव्यात टाकली तर 'नाही'. डाव्यात एक जरी पडली, की माणूस बाद. कुणी टाकली ते विचारायचं नाही. याला म्हणे सभ्यपणा म्हणतात!

गोऱ्या साहेबांनी मला घडवून घेतलं, तेव्हा इथली माणसं आत यायची ती हातात ट्रे घेऊन, नाहीतर टेनिसचे बॉल वेचायला. मग साहेब बोटीत बसून गेले. मला वाटलं, चला, सुटले एकदाची! आता माझी फळकुटं करून चूल पेटवतील. कसलं काय! आपल्याच लोकांनी त्याच खुर्च्यांत बूड टेकलं आणि आधी माझ्यावरची धूळ पुसून घेतली. असा संताप आला म्हणता! पण लाकडाला दात कुठले चावायला?

मला पुसायचा तो म्हातारा वेटर. हयात गेली त्याची इथे, तरी नातवाच्या वयाची पोरंही त्याला "ए चकाकी!" म्हणून हाक मारतात. त्याची लेक डॉक्टर झाली. क्लबच्या अध्यक्षांचं हृदय बंद पडत होतं, ते तिनेच ताळ्यावर आणलं. अध्यक्ष भर बैठकीत म्हणाले, "मला मुलीसारखी आहे ती. तिला सभासद करायचंच!" काय त्या टाळ्या!

मतदानाच्या दिवशी ती बापाला भेटायला मागच्या दाराने आली. तो मला पॉलिश करत होता.

"बाबा, कशाला हा हट्ट? इथला चहा पाणचट असतो."

"अगं, तो मीच करतो!"

"म्हणून तर म्हणतेय."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "एकदा तुला समोरच्या दाराने येऊन त्या खुर्चीत बसलेली बघायचंय. बास."

ती व्हरांड्यात जाऊन बसली. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, बुटांच्या काळ्या पॉलिशची डबी उघडली आणि माझ्या डाव्या खणाची कड चांगली जाड माखली. मला अश्शा गुदगुल्या झाल्या!

एकेक हात आला, गेला. शेवटी म्हाताऱ्यानेच खण ओढले. डाव्यात एक गोटी होती. त्याचा चेहरा असा पडला, की माझ्या फळ्या तडकायच्याच राहिल्या.

"अरेरे! कोण हा नतद्रष्ट?" सगळ्यांत मोठ्याने अध्यक्षच ओरडले. "पण काय करणार? नियम म्हणजे नियम." उजवा हात मात्र पांढऱ्या पँटच्या खिशात. खिशावर काळा डाग पसरत होता.

"साहेब, तिला तुम्हीच सांगा," म्हातारा म्हणाला. "मुलीसारखी ना तुमची?" आणि मला काखोटीला मारून तोही मागोमाग निघाला.

व्हरांड्यात तिने हात पुढे केला. अध्यक्षांनी डावा दिला.

"काका, उजवा द्या. घाम फुटलाय तुम्हाला. नाडी बघते."

सगळे सभासद दारात जमून बघत होते. हात बाहेर आला. बोटं काळीकुट्ट.

तिने बोटांकडे पाहिलं, मग बापाकडे. शांतपणे मनगट धरून खरंच नाडी पाहिली. "जरा जोरात चाललीय. पण चालतेय."

"डाव्या खणाला पॉलिश केलं होतं, साहेब," म्हातारा म्हणाला. "वाळलं नसेल."

"चला बाबा, घरी," ती म्हणाली. "आज चहा मी करते."

त्याने मला तिथेच पायरीवर ठेवलं आणि दोघं समोरच्या दाराने निघून गेली.

मित्रांनो, आता मला काचेच्या कपाटात ठेवायचं चाललंय. वारसा म्हणे! मला जपायचंच असेल, तर आधी ही मखमली बाही फाडा, वरची फळी उपटा. कुणाचा हात कुठे जातो ते सगळ्यांना दिसू द्या. मग हवी तेवढी धूळ पुसा. डाव्या खणाला ते काळं अजून आहे. तेवढं मात्र पुसू नका.